मागच्या अंगणातला तंबू

दसरा उलटला की भोपाळात एक दिवस असा येतो, की सकाळी दार उघडावं आणि वारा भलत्याच बाजूने अंगावर यावा. पावसाळाभर तो तलावाकडून, पश्चिमेकडून आलेला असतो, ओला आणि जड. मग कधीतरी कुणाला न विचारता तो पूर्वेकडून, रायसेनच्या अंगाने यायला लागतो. कोरडा, हलका, अंगावरचा घाम क्षणात पुसणारा. दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, ओठ फुटायला लागतात. इथले लोक या दिवसांतल्या उन्हाला ‘क्वार की धूप’ म्हणतात आणि डोक्यावर रुमाल टाकून हिंडतात. उन्हाबद्दल सगळे बोलतात, वाऱ्याबद्दल कुणीच काही म्हणत नाही. मी मात्र दर वर्षी त्या वाऱ्याची वाट बघते, आणि तो आला की माझं त्या दिवशी कशात लक्ष लागत नाही.

आता मी तुलसी नगरात राहते. सरकारी क्वार्टर, जिना चढून वर. दिवाळीच्या आधी खालच्या कुणाकडे तरी रंगकाम निघतंच, आणि थिनरचा वास जिन्यातून वर येतो. हा वास आला की लोकांना म्हणे सण आठवतो, नवे कपडे आठवतात. मला आईचा श्वास आठवतो. तिचा आत जाणारा श्वास सरळ असायचा, बाहेर पडणारा मात्र बारीक शिट्टी वाजवत यायचा. मी भाजीची पिशवी हातात घेऊन जिन्यातच थांबते. शेजारीण विचारते, क्या हुआ दीदी? मी म्हणते, कुछ नहीं, साँस ले रही हूँ. तिला तो विनोद वाटतो.

माझं बालपण कारखान्याच्या टाउनशिपमध्ये गेलं. एकसारखी क्वार्टरं, एकसारखी आंब्याची झाडं, एकसारखी फाटकं. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा आणि पुढच्या भोंग्यापर्यंत पुन्हा रिकामा व्हायचा. भिंतींना कोणता रंग द्यायचा हे कारखाना ठरवायचा, आणि तो कायम एकच ठरवायचा, फिकट पिवळा. एका घरातून उठून दुसऱ्या घरात गेलं तरी भिंत तीच. त्यामुळे टाउनशिपच्या बायकांची सगळी हौस फर्निचरवर निघायची. कुणाची कॉट आसमानी, कुणाचं टेबल चॉकलेटी, कुणाचं कपाट हस्तिदंती. भिंती कारखान्याच्या होत्या, आपलं म्हणून जे काय होतं ते चार पायांवर उभं असायचं. दिवाळीच्या आधी ते सगळं अंगणात निघायचं.

बाबा मिरजेकडून बाविसाव्या वर्षी इथे आले आणि थेट पेंट शॉपमध्ये लागले. तिथे खोलीएवढ्या लोखंडी टाक्या असायच्या, त्यांना स्प्रेने रंग मारायचा. ब्रशला बाबा नावं ठेवायचे. ब्रशने रंग लागतो, बसत नाही, असं त्यांचं मत. त्यांच्या नखांच्या कडांना कायम एक करडी रेघ असायची, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. पेंट शॉपच्या बूथमध्ये भिंतीत मोठाले पंखे होते. बटण दाबलं की हवा एका बाजूने यायची आणि रंगाचं उरलेलं धुकं घेऊन दुसऱ्या बाजूने निघून जायची. सत्तावीस वर्षं त्यांनी असाच रंग मारला. वारा कुठून येतोय हे बघण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही, कारण त्यांचा वारा भिंतीवरच्या बटणात होता.

मी अकरावीत गेले त्या वर्षी पेंट शॉपचं काम ठेकेदाराकडे गेलं. बाबांना स्टोअरमध्ये बसवलं. नोकरी तीच, क्वार्टर तेच, फक्त जन्मभर रंगाचे डबे उघडणाऱ्या माणसाच्या पुढ्यात आता बंद डबे आले. ज्या पोरांना त्यांनी हाताला धरून स्प्रेची गन कशी धरायची ते शिकवलं होतं, ती पोरं आता ठेकेदाराकडे लागली होती आणि खिडकीपाशी येऊन त्यांच्याकडून डबे घेऊन जायची. हे त्यांनी आम्हाला एका वाक्यात सांगितलं आणि चहा प्यायले. त्यानंतर दोन-अडीच महिने घरात त्यांचा आवाज नव्हता. आधी ते कामावरून येताना फाटकापासून शीळ घालत यायचे. ती शीळ बंद झाली. नखांतली रेघसुद्धा हळूहळू निघून गेली, आणि हात असे स्वच्छ झाले की मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटायचे.

तंबूची कल्पना आईची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक बाबांना बोल लावतील. आईचं माहेर उज्जैनचं, बोलताना अर्धं हिंदी, आणि मनातलं सरळ सांगायची सवय नाही. एक दिवस तिने ट्रंक उघडली, जुन्या सुती साड्या काढल्या आणि बाबांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाली, घरचं सामान फार कळकट झालंय, तुम्ही घरीच का नाही रंगवत, धूळ बसू नये म्हणून या लावा चारी बाजूंनी. बाबा म्हणाले, बूथशिवाय स्प्रे होत नसतो. आई म्हणाली, मग बांधा की बूथ.

आणि त्यांनी बांधला. मच्छरदाणीच्या काठ्या होत्या, काही वायरिंगचे लोखंडी पाइप होते. ते असे जोडले की दहा मिनिटांत उभं राहावं आणि दहा मिनिटांत उतरून भिंतीला टेकवून ठेवावं. वर प्लास्टिक, चारी बाजूंना आईच्या साड्या, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेल्या. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर कबाड्याकडून आला, त्याला हवेची टाकी जोडली. बाबा त्याला बूथ म्हणत, आई तंबू म्हणे, आणि शेजारच्या सक्सेना आंटी पंडाल म्हणत, किसकी शादी है भाईसाब, असं रोज एकदा तरी विचारत. दसऱ्याला माझ्या फिजिक्सच्या पुस्तकाशेजारी बाबांची गन पाटावर आली. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बाबांनी नमस्कार केला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आम्ही दोघींनी ते न बघितल्यासारखं केलं.

त्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. पहिली शिफ्ट सुटली की बाबा अडीचपर्यंत घरी यायचे, जेवायचे, आणि मागच्या अंगणात जायचे. आधी तंबूतल्या जमिनीवर पाणी शिंपडायचे, धूळ उडू नये म्हणून. त्या ओल्या मातीचा वास यायचा, मग थिनरचा, मग रंगाचा. तंबूच्या आत ऊन थेट यायचं नाही, आईच्या साड्यांतून गाळून यायचं. एका भिंतीला गुलबक्षी उजेड, एका भिंतीला हळदी. त्या उजेडात बाबा कॉटसमोर उभे राहायचे आणि हात एका सरळ रेषेत फिरवायचे, या कडेच्या बाहेरून त्या कडेच्या बाहेरपर्यंत. हात मध्ये थांबवायचा नाही, थांबला की रंग ओघळतो, एवढं ते मला दर वेळी सांगायचे. काम संध्याकाळच्या आत आटपायचं, कारण दिवे लागले की पाखरं येतात आणि ओल्या रंगावर बसतात. कॉम्प्रेसरची टरटर थांबली की शीळ ऐकू यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती ऐकू आली तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं जरा वेळ थांबलं आणि परत चालू झालं.

मग शेजारची रांग लागली. सक्सेनांची कॉट, तिवारींचं टेबल, मागच्या लाइनीतल्या कुणाचा सोफा. बाबांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. घरचं सामान मागे मागे जात राहिलं. त्यात आईची खुर्ची होती.

आईच्या खुर्चीबद्दल सांगायचं तर आधी तिच्या दम्याबद्दल सांगायला हवं. भोपाळ आणि दमा हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा लगेच आवाज खाली करून विचारतो, गॅसचं का? नाही. आमची टाउनशिप शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. आईचा दमा माहेरचा, लहानपणापासूनचा. तिची आईसुद्धा तशीच धापा टाकायची. त्रास वाढला की आई आडवी होऊ शकत नसे. मग ती लाकडी हातांच्या त्या खुर्चीत बसायची, दोन्ही कोपरं हातांवर टेकून, पुढे वाकून, आणि मोजून मोजून श्वास घ्यायची. ती खुर्ची तिच्या लग्नात आलेली. वर्षानुवर्षं कोपरं टेकून टेकून तिच्या हातांवरचं पॉलिश गेलं होतं. तिला ती पिस्ता रंगाची हवी होती. रंगाच्या दुकानातून रंगछटांचं कार्ड आणून तिने त्यातल्या चौकोनावर पेन्सिलने खूण केली होती आणि ते कार्ड देवाच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. बाबांनी खुर्ची घासली, खाचांत लांबी भरली, प्रायमर मारला, आणि म्हणाले, घरचीच आहे, शेवटी करू, निवांतपणे.

रंग चालू असताना आईने पुढच्या खोलीत बसायचं, असं ठरलेलं होतं. मागचं अंगण पूर्वेला, घर पश्चिमेला, वारा तलावाकडून यायचा. तंबूतून जे काही धुकं निसटायचं ते मागच्या मोकळ्या मैदानाकडे निघून जायचं. घरात वाससुद्धा येत नसे. बाबा म्हणायचे, बघ, देवानेच पंखा लावून दिलाय.

आणि मग वारा फिरला.

मला तो दिवस नक्की सांगता येणार नाही. इतकंच आठवतं की मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि माठावरच्या झाकणीवर बोट फिरवलं तर ते निळं झालं. आमच्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूने सिमेंटची जाळी होती, चार पाकळ्यांच्या फुलांची, टाउनशिपमधल्या सगळ्या स्वयंपाकघरांना असायची तशी. खिडकी असती तर लावून घेता आली असती. जाळीला दार नसतं. आई आतून त्या जाळीवर ओला टॉवेल ताणून बांधत होती. स्टुलावर उभी होती आणि तोंडावर पदर घेतला होता. मला बघून ती खाली उतरली, तेवढ्यानेही तिला धाप लागली होती. मी काही विचारायच्या आत तिने माझा हात धरला.

“शुभा, बाबांना बोलू नकोस,” ती म्हणाली. “किती महिन्यांनी शीळ घालतायत ते.”

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याला आज मी पुष्कळ कारणं देऊ शकते. सोळा वर्षांची होते, आईने शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं, डोक्यावर सहामाही होती. सगळं खरं आहे. पण अजून एक गोष्टही खरी आहे, आणि ती मी फार वर्षं स्वतःलाही सांगितली नाही. घर पुन्हा घरासारखं झालं होतं आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. रोज दुपारी आई टॉवेल ओला करून बांधायची, रोज बाबा हात धुऊन आत यायच्या आधी सोडायची. मी दोन्ही बघायचे आणि पुस्तकात डोकं घालायचे. रोज तिची शिट्टी थोडी लांबत होती. मी ती ऐकत होते.

वसुबारसेच्या दुपारी मी पुढच्या खोलीत होते. स्वयंपाकघरात डबा पडल्याचा आवाज आला. आई जमिनीवर बसली होती, पाठ ओट्याला टेकलेली, ओठांचा रंग गेलेला. जाळीवरचा टॉवेल एका बाजूने सुटून लोंबत होता. मी मागच्या दाराने ओरडत पळाले. कॉम्प्रेसर चालू होता, बाबांना काही ऐकू येत नव्हतं. मी तंबूचा पडदा जोरात बाजूला केला, तेव्हा माझ्याबरोबर आत धूळही गेली. समोर नुकताच रंगवलेला सोफा होता.

“पडदा टाक!” बाबा खेकसले.

मग त्यांनी माझा चेहरा पाहिला.

पुढचं सगळं भराभर झालं. सक्सेना अंकलनी स्कूटर काढली, मग कुणीतरी जीप आणली. टाउनशिपच्या हॉस्पिटलमध्ये आई नऊ दिवस होती. त्या वर्षीची दिवाळी आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली. सक्सेना आंटी डब्यात करंज्या घेऊन आल्या, तो डबा न उघडताच परत गेला. बाबा बाकावर बसून राहायचे, त्यांच्या नखांत पांढरा रंग होता, सोफ्याचा. ते तो दुसऱ्या नखाने खरवडत राहायचे. सगळा निघाला तरी खरवडतच होते.

तिसऱ्या दिवशी आईचे कपडे न्यायला मी घरी आले. बाबा आधीच येऊन स्वयंपाकघरात उभे होते. त्यांच्या हातात तो टॉवेल होता, दोन्ही हातांनी ताणून धरलेला. वाळल्यावर तो कडक झाला होता, आणि त्यावर जाळीची सगळी फुलं उमटली होती. चार पाकळ्या, चार पाकळ्या, ओळीने, अगदी रांगोळीच्या छाप्यासारखी. प्रत्येक फुलात रंगांचे थर होते. बाबांनी एका फुलावर बोट ठेवलं. “हा आसमानी सक्सेनांचा,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा चॉकलेटी तिवारींचा. हा वरचा पांढरा परवाचा.” मी दारात उभी होते. मला हे आधीपासून माहीत होतं, असं सांगायची ती वेळ होती. मी आईच्या साड्या पिशवीत भरल्या आणि निघून गेले.

आई परत आली. देवाची कृपा म्हणा किंवा डॉक्टरांची, त्यानंतर ती पुष्कळ वर्षं होती. माझं लग्न तिने केलं, माझ्या मुलीला, इराला अंगाखांद्यावर खेळवलं. पण जिना मात्र पुन्हा कधी चढली नाही, आणि आवाज बारीक झाला तो झालाच. बाबांनी तंबू उतरवला. साड्या रंगाने इतक्या ताठ झाल्या होत्या की त्यांच्या घड्या होईनात, त्यांनी त्या गुंडाळून बांधल्या. गन तेलाच्या फडक्यात गेली. पुढच्या दसऱ्याला पाटावर फक्त माझी पुस्तकं होती. आईने गन मागितली, बाबा उठून बाहेर गेले.

खुर्ची तशीच राहिली, प्रायमरच्या करड्या रंगात. बाबांना त्यातलं कळत होतं म्हणून त्यांना ते जास्तच खुपत असणार, पण प्रायमर म्हणजे रंग नव्हे हे कुणालाही दिसतं. ते काम अर्धं सोडल्याचं लक्षण. रिटायर झाल्यावर आनंद नगरात घर बांधलं, तिथे ती खुर्ची आली. आईने तिच्यावर उशी ठेवली, पाठीवर विणलेलं कापड टाकलं. एकदा मी म्हटलं, बाजारात देऊन करून आणते. आईने मान हलवली. म्हणाली, ते करतील तेव्हा करतील, मला काही जल्दी नाही. ती त्याच खुर्चीत बसायची, त्याच हातांवर कोपरं टेकायची. हळूहळू प्रायमरही झिजला आणि खालचं लाकूड दिसायला लागलं. दोन वर्षांपूर्वी माघात ती गेली. गेली तेव्हा त्या खुर्चीतच होती.

मला आईचा राग येतो. माणूस गेल्यावर असं बोलू नये म्हणतात, पण येतो. एका माणसाची शीळ ऐकू यावी म्हणून दुसऱ्याने श्वास कोंडून बसायचं, आणि पोटच्या पोरीला त्यात सामील करून घ्यायचं, हे कसलं प्रेम? मग मला वाटतं, ती ट्रंक उघडून साड्या काढणारी बाई मी पाहिली आहे. तिला दुसरं काही येतच नव्हतं. आणि मग मला माझा राग येतो.

यंदा दसरा झाल्यावर मी बाबांकडे आनंद नगरला होते, तिथे इरा एक मोठी चपटी पिशवी घेऊन आली. तिला पुस्तकांचं रॅक रंगवायचं होतं, आणि आमच्या तुलसी नगरच्या गॅलरीत जागा नाही. पिशवीतून तिने एक गोल गुंडाळी काढली, हवेत भिरकावली, आणि फट्‌कन एक तंबू उभा राहिला. पांढरा, हलका, पुढून उघडा. आत फर्निचर ठेवायचं आणि स्प्रे करायचा, रंग बाहेर उडत नाही, असं तिने समजावलं. ऑनलाइन मिळतो म्हणे. आजोबा, देखो ना, दोन सेकंदात, ती म्हणाली. बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. ते दारातल्या पायरीवर बसून बघत होते. इराला यातलं काहीच माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं. तिने तो नेमका मागच्या अंगणात उभा केला होता, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

बाबा उठले. धोतराच्या काठाचा एक धागा त्यांनी ओढून काढला आणि दोन बोटांत धरून हात वर केला. धागा घराकडे वळला. ते तसेच उभे राहिले, मला वाटलं आता आत निघून जातील. त्यांनी इराला सांगितलं, हा उचल आणि पुढे घे, फाटकाजवळ. इरा म्हणाली, पुढे रस्ता आहे आजोबा, सगळे बघत बसतील. बाबा म्हणाले, बघू देत.

आणि मग मला म्हणाले, “आईची खुर्ची आण बाहेर.”

कार्ड तसबिरीमागेच होतं. मला ते माहीत होतं, त्यांनाही होतं, फक्त ते काढायला आजवर कुणी गेलं नव्हतं. पेन्सिलची खूण पुसट झाली होती पण होती. इरा चौकातल्या दुकानातून तो रंग बनवून घेऊन आली. तोवर बाबांनी खुर्ची पुन्हा घासली. जिथे कोपरांनी लाकडाला दोन उथळ खळगे पडले होते तिथे मी लांबी घेऊन गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ते भरायचे नाहीत, म्हणाले. इराची गन विजेवर चालणारी, प्लास्टिकची. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, हिच्याने केस वाळवतात का, असं विचारलं, आणि तंबूपुढे स्टुलावर बसले. पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा तो मध्येच अडखळला आणि खुर्चीच्या डाव्या हातावर रंगाचा एक ओघळ आला. मी फडकं पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. ओघळ आहे तसाच आहे.

रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. इरा चहा करायला आत गेली होती. मला वाटलं आता नाही बोललं तर कधीच नाही. मी म्हटलं, बाबा, मला माहीत होतं. वारा फिरलाय, आईला त्रास होतोय, टॉवेल बांधते, सगळं माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

बाबा खुर्चीकडे बघत होते.

“मलाही माहीत होतं,” ते म्हणाले. “ती पडायच्या आधी चार-पाच दिवस. मागच्या अंगणातल्या पेरूची घराकडची पानं निळी झाली होती.”

मग ते आपणहून सांगत गेले, तुटक तुटक. तंबू पुढच्या अंगणात न्यायला हवा हे त्यांना लगेच कळलं होतं. पण पुढून शिफ्ट जायची. सायकलवरून ती ठेकेदाराची पोरं जायची, ज्यांना त्यांनी शिकवलं होतं. त्यांनी आपल्याला शेजाऱ्यांच्या कॉटी रंगवताना बघावं हे त्यांना सहन झालं नसतं. दोनच नग उरलेत, साड्यांच्या भिंती आहेत, ती पुढच्या खोलीत बसते, असं ते रोज मनाला सांगत होते. शेवटचा सोफा होता. त्यानंतर तिची खुर्ची घ्यायची होती.

म्हणजे तीन माणसांचं घर, आणि तिघांनाही माहीत होतं. इतकी वर्षं मी ते एकटीचं ओझं समजून वाहिलं. मला खूप रडायला आलं, आणि मी रडले. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या नखांत पिस्ता रंग होता.

दुसरा हात मारत असताना फाटकावरून समोरच्या घरातले वर्माजी चालले होते. थांबून त्यांनी विचारलं, “अंकलजी, इस उमर में ये क्या लेके बैठ गए?”

“कुर्सी है,” बाबा मोठ्याने म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. “मेरी घरवाली की. बहुत दिन से बाकी थी.”

उन्हं उतरायच्या आत काम झालं. मी रंगाची भांडी धुवायला आत गेले तर स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून एक टॉवेल बांधलेला होता. पांढरा, ओला, चारी टोकं नीट ताणलेली. तो बाबांनी कधी बांधला मला कळलंच नव्हतं. खिडकी लावता येत होती, घरात जपायचं असं कुणी उरलेलं नव्हतं, तरी बांधला होता. बाबा माझ्यामागून आले. त्यांनी एकेक टोक सोडलं, टॉवेल दारातल्या उजेडात नेला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. चष्मा वर करून त्यांनी तो इंच इंच पाहिला, मग उलटा करून पाहिला. त्यावर कुठे काही नव्हतं.

“इतकं सोपं होतं गं,” ते म्हणाले, आणि टॉवेलाची घडी घालायला लागले.